शिकारीचा बेत आणि प्रवेशाची मर्यादा
(नेर्गे, कमरगा आणि त्यांचे कागद)

(१) जुन्या दप्तरांत शिकारीसंबंधीं कागद आढळले कीं ते बहुधा चैनीच्या सदरांत टाकले जातात. सनदा, महजर, करीने, ताळेबंद हे इतिहासाचे कागद. आणि ससाण्यांचा खर्च, हाकाऱ्यांची हजिरी, रानाची खबर हे विलासाचे कागद, अशी वांटणी संग्राहकांच्या मनांत फार दिवसांपासून ठरून गेली आहे. ही वांटणी टिकण्यासारखी नाहीं असें आमचें मत आहे, व तें साधार मांडावें एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

शिकार दोन प्रकारची असते. एक, जो जाईल त्याला मोकळी. दुसरी, जिच्या रानांत ठराविक माणसांनींच ठराविक क्रमानें शिरावयाचें. पहिल्या प्रकाराचा कागद सहसा होत नाहीं. दुसऱ्या प्रकारास मात्र तीन गोष्टी अवश्य लागतात: जनावर कोठें व किती आहे ह्याची आगाऊ खबर, आंत कोणीं व कोणाच्या मागून जावें ह्याचा नियम, आणि काय मारलें ह्याची मोजदाद. ह्या तिन्हींस माणसें लागतात, हुकूम लागतात, आणि म्हणूनच लेखणीहि लागते. खबर, प्रवेश व मोजदाद ह्या तीन कसोट्या घेऊन कांहीं प्रसिद्ध साधनें तपासून पाहूं.

(२) आपल्या देशांतील सर्वांत स्पष्ट जुना आधार कौटिलीय अर्थशास्त्राचा. ह्या ग्रंथाची पोथी १९०५ सालीं म्हैसूर येथें शामशास्त्र्यांच्या हातीं आली व १९०९ सालीं त्यांनीं ती छापून प्रसिद्ध केली. पुढें मुंबई विद्यापीठानें प्रा. कंगले ह्यांची चिकित्सक आवृत्ति १९६० सालीं काढली. त्यांतील भूमिच्छिद्रविधानाच्या प्रकरणांत राजाच्या विहारासाठीं मृगवन कसें असावें तें सांगितलें आहे. त्याला द्वार एकच असावें, भोंवतीं खंदक असावा, आंत गोड फळांचीं झाडें व उथळ पाणी असावें, आणि हिंस्र श्वापदांचे दांत व नखें काढलेलीं असावीं. त्याच प्रकरणांत, जेथें सर्व मृग पाहुण्यांसारखे राहतील असें दुसरें वनहि सांगितलें आहे. राजा मृगयेस निघण्यापूर्वीं लुब्धकांनीं व कुत्रे बाळगणाऱ्यांनीं पुढें जाऊन चोर, श्वापदें व शत्रु ह्यांचें भय दूर करावें, अशी व्यवस्था अन्यत्र आहे. अर्थात् टेहळणी करणारा माणूस येथें केवळ हरणाचा माग काढीत नसून राजाच्या जिवाची राखण करीत आहे.

एकच द्वार हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. ज्या वनाला एकच द्वार, त्या द्वारावर माणूस उभा असणारच, आणि आंत कोण गेलें हें त्याला ठाऊक असणारच. सूनाध्यक्षाच्या प्रकरणांत अभयवनांतील मृग, पशु, पक्षी व मासे मारणाऱ्यास उत्तम दंड सांगितला आहे. व्यसनांच्या चर्चेत मृगयेचे दोष मानणाऱ्यांस कौटिल्य उत्तर देतो कीं तिनें शरीरास व्यायाम घडतो, हलत्या लक्ष्यावर नेम बसतो, आणि भ्यालेल्या व खवळलेल्या जनावराचें मन ओळखतां येतें.

दक्षिणेकडे पाहिलें तर कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसरा सोमेश्वर ह्याचा शके १०५१ (इ. स. ११२९) च्या सुमाराचा मानसोल्लास हा मोठा आधार आहे. श्रीगोंदेकरांनीं संपादिलेली ह्याची आवृत्ति बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत तीन भागांत निघाली. पहिला भाग १९२५ चा, दुसरा १९३९ चा. विनोदांच्या विंशतींत मृगयेचे अनेक प्रकार वर्णिले आहेत. जनावर पाण्यावर केव्हां येतें, वारा कोणीकडून असावा, कोठें दडावें, ही माहिती ज्याअर्थीं राजग्रंथांत येते, त्याअर्थीं ती पुरविणारे जाणते लोक राजसेवेंत होते हें उघड आहे.

(३) आतां आशियाच्या उत्तरेकडे वळूं. मोंगलांच्या गुप्त इतिहासाचा आरंभच मुळीं एका लांडग्यानें व एका हरिणीनें होतो; चेंगीझखानाच्या कुळाचीं तीं आदिम मातापितरें मानलीं आहेत. हरिणीचें नांव ‘मराल’ ह्या शब्दानें पुरें होतें. आपल्या संस्कृतांतील मराल म्हणजे हंस. त्याचा ह्या शब्दाशीं संबंध नाहीं. हा मध्य आशियांतील मोठ्या हरणाचा शब्द आहे. आल्ताइ पर्वतांत ज्याला मराल म्हणतात तें हरिण आणि अमेरिकेंतील वापिटी (ज्याला तिकडील लोक एल्क म्हणतात) हीं दोन्ही एकाच जातीचीं असें आजचे प्राणिशास्त्रज्ञ मानतात. ह्या गोष्टीचा पुढें उपयोग होणार आहे.

मोंगलांच्या मोठ्या शिकारीस नेर्गे म्हणत. तिचें तपशीलवार वर्णन अता मलिक जुवैनी ह्यानें इ. स. १२६० च्या सुमारास पुऱ्या झालेल्या आपल्या तारीख-इ-जहांगुशाय ह्या ग्रंथांत केलें आहे. मूळ फारसी ग्रंथ मिर्झा महंमद कझवीनी ह्यांनीं संपादून १९१२ ते १९३७ ह्या काळांत तीन भागांत छापला, त्यामुळें अभ्यासकांस तो सुलभ झाला आहे.

जुवैनी सांगतो त्याचा सारांश असा. हिंवाळ्याच्या तोंडीं खान शिकारीस निघे. त्यापूर्वीं टेहळे पाठवून कोणत्या जातीचें जनावर आहे, विरळ आहे कीं विपुल आहे, हें पाहून आणीत. मग लष्करास हुकूम सुटत. उजवी बाजू, डावी बाजू व मध्य अशी लढाईंतल्यासारखीच वांटणी होई, आणि एक, दोन, क्वचित् तीन महिनेपर्यंत जनावर हळूहळू हांकीत आणीत. कडें मोडूं द्यावयाचें नाहीं. एखादें जनावर निसटलें तर कारणांची चौकशी होई, व हजारी, शंभरी व दहांचे नायक ह्यांस फटके बसत. कधीं कधीं जीवहि जाई. रांगेबाहेर एक पाऊल पुढें किंवा मागें टाकणाऱ्यासहि शिक्षा होती. रात्रंदिवस खानाकडे जासूद जात व जनावर कोठें आलें, कोठून आलें, ह्याची वर्दी देत. कडें दोन-तीन फरसंगांवर आलें कीं दोऱ्या बांधून त्यांवर नमदे टाकीत.

नंतर प्रवेश. प्रथम खान कांहीं निवडक लोकांसह आंत जाई. तो थकला कीं मध्यावरच्या उंचवट्यावर बसून राजपुत्रांची शिकार पाही. त्यांच्या मागून नोयान, मग सरदार, आणि सर्वांच्या शेवटीं शिपाई. असे कित्येक दिवस जात. जेव्हां थोडीं जखमी व रोडावलेलीं जनावरें उरत, तेव्हां पांढऱ्या दाढीचे वृद्ध खानापुढें येऊन त्याचें अभीष्ट चिंतीत व उरलेल्यांस गवतपाण्याकडे सोडून द्यावें अशी विनंति करीत. मारलेलें सर्व एकत्र करून मोजीत. सर्व मोजणें अशक्य झालें तर हिंस्र श्वापदें व रानगाढवें तेवढीं मोजीत.

खबर, प्रवेश, मोजदाद हीं तिन्हीं अंगें येथें एकाच वर्णनांत सांपडतात. चौथें एक अंगहि आहे, तें वृद्धांच्या विनंतीचें. त्याविषयीं पुढें लिहूं.

चेंगीझखानाचा पुत्र ओगदई ह्याच्यासंबंधीं गुप्त इतिहासाच्या शेवटीं एक विलक्षण मजकूर आहे. आपण केलेलीं चार सत्कृत्यें व चार अपराध तो स्वमुखें सांगतो. चौथा अपराध असा कीं, दैवानें उपजलेलीं रानांतील जनावरें भाऊबंदांच्या मुलखांत निघून जातील ह्या लोभानें आपण कुंपणें व मातीच्या भिंती घातल्या, आणि त्याबद्दल भाऊबंदांचे बोल ऐकले. जुवैनीहि ओगदईच्या अशा भिंतीचा उल्लेख करतो. राखीव रानाविषयींची तक्रार खुद्द राखणाऱ्याच्याच तोंडीं नोंदलेली असावी हें साधनांत फार दुर्मिळ.

(४) ही रीत तैमुराच्या वंशजांबरोबर हिंदुस्थानांत आली व कमरगा ह्या नांवानें रूढ झाली. सर्वांत प्रसिद्ध कमरगा अकबरानें इ. स. १५६७ त लाहोराजवळ केला. काबूलचा मिर्झा महंमद हकीम, म्हणजे अकबराचा सावत्र भाऊ, पंजाबावर चालून आला होता. तो परत हटल्यावर लागलीच ही शिकार झाली हें विसरून चालणार नाहीं. अबुल्-फजलाच्या वृत्तान्ताप्रमाणें सुमारें महिनाभर हजारों हाकाऱ्यांनीं जनावरें गोळा केलीं. त्यांची संख्या पन्नास हजार सांगतात. नंतर पांच दिवस बादशहानें एकट्यानें तरवार, भाला, बाण, बंदूक व फांस ह्यांनीं शिकार केली. मग अमीरउमराव, मग दरबारी सेवक, व शेवटीं सामान्य लोक असा क्रम लागला. भाऊ बंडावला असतां सीमेवरच्या प्रांतांत हजारों माणसें एका हुकुमानें एका रेषेंत उभीं करून दाखविणें ह्याचा अर्थ काबूलकरांस कळला नसेल असें मानणें कठीण आहे.

ह्याच शिकारींत हमीद बकरी नांवाच्या दरबाऱ्यानें दुसऱ्या एका सेवकावर बाण सोडला. त्याला प्रथम मृत्यूची शिक्षा झाली. ती टळून शेवटीं डोकें भादरून गाढवावर बसवून त्याची धिंड काढण्यांत आली. लंडनच्या व्हिक्टोरिया व आल्बर्ट संग्रहालयांत १८९६ सालीं गेलेल्या अकबरनाम्याच्या सचित्र प्रतींत मिस्किना चिताऱ्यानें योजिलेलें ह्या कमरग्याचें दोन पानी चित्र आहे. त्यांत बादशहा घोड्यावर, हरणांची धांदल, कुडाचें कुंपण, आणि एका बाजूस गाढवावरचा हा गुन्हेगार, सर्व एकत्र दिसतें. मर्यादित प्रवेशाच्या रानांत शिस्त मोडल्याचें फळ काय, तें चिताऱ्यानें मुद्दाम काढून ठेविलें आहे.

आईन-इ-अकबरींत अबुल्-फजल म्हणतो कीं उथळ पाहणाऱ्यांस शिकार म्हणजे केवळ मौज वाटते; परंतु बादशहा त्या निमित्तानें वर्दी न देतां मुलखांत जातो, रयतेची स्थिति, सारा व फौज ह्यांची चौकशी करतो व जुलुमाचा बंदोबस्त करतो. भाटाचें म्हणून हें थोडें वजा करावें. पण करावल म्हणजे शिकारीचे टेहळे ज्या वाटांनीं गेले त्याच वाटांनीं मुलखाची बातमी आली, हें मात्र वजा करतां येत नाहीं.

पुढें इ. स. १५७८ त झेलमकांठीं भेऱ्याजवळ दुसरा मोठा कमरगा चालला होता. कडें जुळत आलें असतां बादशहाच्या मनाची कांहीं विलक्षण अवस्था झाली व त्यानें एकाएकीं शिकार बंद करून सर्व जनावरें सोडून देण्याचा हुकूम केला. त्या अवस्थेचा निर्णय करणें आमच्या विषयाबाहेरचें आहे.

(५) जहांगिराचा आत्मवृत्तान्त तर ह्या दृष्टीनें अमोल आहे. राज्याच्या अकराव्या वर्षीं (इ. स. १६१६–१७) त्यानें वाकेनवीस, शिकारीचे हिशेबनवीस व करावल ह्यांस आज्ञा करून आपल्या वयाच्या बाराव्या वर्षापासूनचा शिकारीचा एकंदर आंकडा काढविला. त्याच्यासमक्ष २८,५३२ जनावरें मारलीं गेलीं. पैकीं १७,१६७ त्यानें स्वहस्तें मारलीं. त्यांत चतुष्पाद ३,२०३ व पक्षी १३,९६४. नीलगाई एकट्या ८८९, वाघसिंह ८६. हा आंकडा खरा कीं फुगविलेला ह्यापेक्षां तो काढतां आला ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. छत्तीस वर्षांच्या नोंदी जातवार हातीं असल्याशिवाय अशी बेरीज होत नाहीं. म्हणजे बादशाही शिकारखान्याच्या चोपड्या होत्या. आज त्या कोणत्या संग्रहांत आहेत?

त्याच ग्रंथांत ह्या व्यवस्थेची दुसरी बाजूहि आहे. इ. स. १६१० त एका नीलगाईवर नेम धरला असतां एक जिलौदार व दोन कहार अकस्मात् पुढें आले व जनावर पळालें. बादशहानें जिलौदारास जागच्या जागीं ठार करविलें, कहारांच्या पायांच्या शिरा तोडविल्या, आणि गाढवावरून छावणींत त्यांची धिंड काढविली. हें तो स्वतःच लिहितो. प्रवेशाची मर्यादा कोणावर व कशी पडत होती, हें समजण्यास दुसरें उदाहरण नको.

परंतु हाच जहांगीर शेखूपुऱ्याजवळ मनसराज नांवाच्या लाडक्या हरणाच्या स्मरणार्थ मनोरा उभारतो, आणि त्या मैदानांतील हरिण कोणीं मारूं नये. हिंदूस तें गाईसारखें व मुसलमानास डुकरासारखें वर्ज्य असावें, असा हुकूम काढतो. हा हिरण-मिनार आजहि पाकिस्तानांत उभा आहे.

(६) बाहेरच्या माणसाची साक्ष पाहिजे असेल तर फ्रेंच वैद्य बर्निए ह्याची घ्यावी. तो औरंगजेबाच्या छावणीबरोबर इ. स. १६६४–६५ त काश्मीराकडे गेला होता. तो लिहितो कीं आग्रा व दिल्लीच्या आसपास, यमुनेच्या कांठानें डोंगरांपर्यंत व लाहोरच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंस, झुडपांनीं व उंच गवतानें भरलेली पडीक जमीन मोठ्या दक्षतेनें राखलेली आहे. तित्तिर, लावे व ससे खेरीज करून तेथील जनावरांस कोणी हात लावीत नाहीं. बादशहा जवळ येतांच त्या त्या टापूचे रखवालदार मुख्य शिकाऱ्याकडे येऊन कोठें कोणतें जनावर आहे तें कळवितात. मग वाटावाटांवर पहारे बसून चार-पांच लीगांचा टापू बंद होतो. लष्कर बाजूनें निघून जातें, आणि ज्यांस परवानगी असेल तेवढेच उमराव बादशहाबरोबर आंत जातात.

सिंहाच्या शिकारीसंबंधानें त्याची माहिती संग्राहकांनीं विशेष ध्यानांत धरावी. सिंह मारला गेला तर राज्यास शुभ व निसटला तर अत्यंत अशुभ मानीत. मेलेला सिंह दरबारापुढें आणून बारकाईनें मोजीत, आणि अमुक बादशहानें अमुक दिवशीं एवढ्या लांबीचा, अशा कातड्याचा, एवढ्या दांतानखांचा सिंह मारिला अशी दप्तरीं नोंद करीत. जहांगिराच्या बेरजेनें ज्या चोपड्यांचें अनुमान होतें, त्यांस ही प्रत्यक्ष साक्ष आहे.

(७) महाराष्ट्रापुरतें थोडक्यांत सांगतों. मराठशाहींतील अठरा कारखान्यांच्या परंपरागत यादींत शिकारखाना हा एक कारखाना आहे. शाहू छत्रपतींचा शिकारीचा नाद सर्वश्रुत आहे. सवाई माधवरावांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशीं होता. परंतु तो पाळीव जनावरांचा संग्रह, त्याला नेर्गेचा वारस म्हणतां येणार नाहीं. ‘रमणा’ हा आपला शब्द मात्र राखीव रानाचाच होय. कोणत्याहि गांवच्या कागदांत रमण्याची हद्द, त्याच्या रखवालदाराचा मुशाहिरा किंवा हाकाऱ्यास लावलेली वेठ आढळली तर ती ह्याच मालिकेंतली कडी समजावी.

(८) येथें एका वादाचा निकाल लावणें जरूर आहे. राजांनीं राखलेल्या ह्या रानांमुळें जनावरें वांचलीं, सबब हे राजे वन्य प्राण्यांचे रक्षक होते, असें अलीकडे पुष्कळदां लिहिलें जातें. वरील साधनें ह्या म्हणण्यास पुरतीं नाहींत. खबर पाहिली तर ती मारण्याच्या सोयीसाठीं आहे. प्रवेशाचा नियम माणसांच्या पायरीवर बसविला आहे. जनावर किती आहे ह्यावर नाहीं. खानानें, राजपुत्रांनीं, सरदारांनीं व शिपायांनीं क्रमानें आंत जावें असें ठरलें, पण एकंदर किती मारावें हें कोणीं ठरविलेलें दिसत नाहीं. मोजदादहि मेलेल्यांची आहे. मागें उरलेल्यांची मोजणी ह्यांपैकीं एकाहि साधनांत नाहीं.

मग उरलीं तीं तीन उदाहरणें: वृद्धांची विनंति, भेऱ्याची मुक्तता आणि हिरण-मिनाराचा हुकूम. तिन्हींत जनावर वांचतें खरें. पण तें एकाच्या कृपेनें, मनाच्या लहरीनें अथवा शोकानें वांचतें. त्यांतल्या त्यांत वृद्धांची विनंति निराळी आहे. ती दरवेळीं घडावयाची व तिची जागा ठरलेली होती. म्हणजे तेथें कृपेस रिवाजाचें रूप आलें होतें. कळप अगदीं संपूं देऊं नये ही जाणीव मोंगलांस होती, आणि ती नियमानें बोलून दाखविण्याचें काम त्यांनीं वृद्धांकडे दिलें होतें, एवढें आम्ही खात्रीनें म्हणूं. ह्याहून पुढें जाणें प्रमाणांस सोडून होईल.

(९) ह्या विवेचनाची कसोटी लागावी म्हणून त्याच मरालाच्या अमेरिकेंतील भावाचें उदाहरण घेतों. वापिटी एके काळीं त्या खंडाच्या मोठ्या भागांत होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बेसुमार शिकारीनें व रानें तुटल्यानें तो बव्हंशीं पश्चिमेकडील डोंगरांत उरला. १९०० सालीं लेसी कायद्यानें बेकायदा मारलेल्या जनावरांच्या एका संस्थानांतून दुसऱ्या संस्थानांत होणाऱ्या व्यापारास बंदी झाली. १९१२ सालीं वायोमिंगमधील जॅक्सन येथें वापिटीसाठीं राखीव स्थान झालें. आज तेथील पश्चिम संस्थानांत कित्येक टापूंत नराच्या शिकारीचे परवाने मोजके असतात व ते चिठ्ठ्या टाकून देतात. कित्येकांस परवान्यासाठीं वर्षानुवर्षें थांबावें लागतें. म्हणून ज्याची चिठ्ठी निघते तो उन्हाळ्यांतच रानांत जाऊन पाणवठे, लोळण्याच्या चिखलाच्या जागा, चरण्याचीं कुरणें व उतरणीच्या वाटा पाहून ठेवितो. आणि सप्टेंबरांत माजावर आलेल्या नराची शीळेसारखी हांक ऐकून त्याचा ठाव काढतो.

टेहळणी तीच, बेत तोच, मर्यादित प्रवेशहि तोच, जनावरसुद्धां तेंच. फरक दोन ठिकाणीं पडला. पायरीच्या जागीं चिठ्ठी आली, आणि परवान्यांचा आंकडा जिवंत कळपाच्या अदमासावरून ठरूं लागला. जुन्या मर्यादेंत राजा मध्यें होता, नव्या मर्यादेंत कळप मध्यें आहे. जुन्या राजांस रक्षक म्हणणारे हा फरक पाहत नाहींत. आणि जुन्या शिकारीस केवळ विलास म्हणणारे दोहोंतील साम्य पाहत नाहींत.

(१०) तात्पर्य, शिकारीचा कागद हा मुलखाचा, लष्कराचा व रयतेचा कागद आहे. त्यांत रानाची हद्द सांपडते, पाणवठ्यांचीं नांवें सांपडतात, कोणत्या गांवचीं किती माणसें हाकाऱ्यास धरलीं तें सांपडतें, आणि एखादें जनावर कोणत्या सालापर्यंत कोठें होतें ह्याचा दाखलाहि सांपडतो. चित्ता आपल्या देशांतून नाहींसा झाल्याचें सरकारनें १९५२ सालीं जाहीर केलें. तो पूर्वीं कोणकोणत्या परगण्यांत धरला जात असे हें सांगावयास शिकारखान्याच्या चिठ्यांइतका चांगला साक्षीदार दुसरा कोण?

म्हणून संग्राहक मंडळींस आमची विनंति आहे कीं, असा कागद हातीं आल्यास त्याची नक्कल करतांना चार गोष्टी टिपून ठेवाव्या: रानाचें व जवळच्या गांवाचें नांव, खबर कोणीं आणिली, आंत जाण्याची परवानगी कोणास होती व कोणास नव्हती, आणि मारलेल्या, धरलेल्या व सोडलेल्या जनावरांचा जातवार आंकडा. सोडलेल्यांचा आंकडा कोठें आढळला तर तो कागद अवश्य प्रसिद्ध करावा. वर म्हटल्याप्रमाणें आम्ही पाहिलेल्या साधनांत तीच एक नोंद आलेली नाहीं. आणि ती मिळाली तर ह्या लेखाच्या आठव्या कलमांतील निर्णय फिरविण्यास आम्हांस आनंदच वाटेल.